कुंदाने दाखवलेली मुंबई

“अक्का, अजून एक घ्या ना,” कुंदा म्हणाली, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिने केकवाल्याला बोटाने खूण केली.

“यात अंडं नाही ना?” मी विचारलं. मार्गशीर्ष चालू होता.

“नाही. मी सकाळीच येऊन विचारून गेलेय.”

हे ऐकलं आणि घास माझ्या तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. केकच्या एका तुकड्यासाठी कोण सकाळी उठून चौकशी करून जातं? माझा स्वभावच तसा आहे. भाजीवालीने वर दोन मिरच्या जास्त टाकल्या की मी आधी खालची वांगी तपासते. घरातले सगळे त्यावरून मला हसतात. हसोत बापडे, पण आमच्या घरात किडकं वांगं कधी आलेलं नाही.

वांद्र्याचा तो रस्ता संध्याकाळी नुसता उजळून निघाला होता. आपण दिवाळीला आकाशकंदील लावतो तसे तिथे प्रत्येक गॅलरीत कागदाचे मोठाले तारे लटकत होते. दुकानांच्या काचांमागे कापसाचा बर्फ पसरला होता. हवेत गारवा म्हणाल तर आमच्या बार्शीच्या मानाने काहीच नाही, पण मुंबईची माणसं स्वेटर घालून मोठ्या हौसेने कुडकुडत होती. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं फार आवडत होतं, आणि आवडतंय म्हणून कुंदाचा राग येत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आमचं घर एकत्र होतं. आमच्या मिस्टरांचं अडतीचं दुकान, धाकटे दीर वसंत शाळेत मास्तर, आणि कुंदा त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ. सासूबाई गेल्यापासून घरातलं थोरलेपण माझ्याकडे आलेलं. मला दोन मुलगे. कुंदाला मूल नव्हतं. सोलापूरचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले, नवस झाले, उपास झाले. मग हळूहळू घरात तो विषय निघेनासा झाला.

त्या नाताळच्या सुट्टीत माझी मुलं मामाकडे हुरडा खायला निघाली, तेव्हा कुंदा भाकरी थापता थापता म्हणाली, “अक्का, आपण दोघीच मुंबईला जाऊ या का? नाताळातली मुंबई तुम्ही पाहिलीच नाही.”

लग्न होऊन आल्यापासून या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तेवढ्यात वसंतभावजी दारातून म्हणाले, “वहिनी, तुम्ही जायलाच पाहिजे.” ज्यांना आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलवत नाही, त्यांनी एवढं ठासून बोलावं? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शेजारच्या ढग्यांचं घर असंच फुटलं होतं. आधी धाकटीने थोरलीला तुळजापूरला नेऊन आणलं, पैठणी नेसवली, आणि महिन्याभरात ओसरीच्या मधोमध भिंत उभी राहिली. आमच्याकडेही तेच होणार, याची मला खात्री झाली. कुंदाला वेगळं व्हायचंय, आणि मला गोड बोलून, गोड खाऊ घालून तयार करायचंय. सासूबाईंना त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी शब्द दिला होता की मी आहे तोवर या घरात दोन चुली पेटणार नाहीत. मी मुंबईला निघाले ती हा शब्द पदराला बांधून निघाले. तिने वाटणीचा विषय काढला की काय बोलायचं ते मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं.

पण ती विषय काढेना. तिने मला राणीचा बाग दाखवला. गेटवेहून होडीत बसवलं. चौपाटीवर भेळ खाऊ घातली. म्युझियममध्ये मी पाय दुखतात म्हटलं, तर स्वतः खाली बसून माझ्या चपलेचा पट्टा सैल करून दिला. प्रत्येक ठिकाणी ती मधेच गप्प व्हायची, माझ्याकडे बघायची, म्हणायची, “अक्का, एक बोलायचं होतं.” मी म्हणायचे, “बोल की.” आणि माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणायची, “काही नाही. ऊन लागतंय का तुम्हाला?”

आम्ही उतरलो होतो सेसिलबाईंकडे. कुंदा मूळची मुंबईची. तिचे वडील बसकंडक्टर होते आणि वांद्र्याच्या गावठाणात सेसिलबाईंच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. कुंदा त्याच अंगणात वाढली. आईवडील गेल्यावर तिला माहेर म्हणून उरलं ते हेच घर. सेसिलबाई म्हणजे सत्तरीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, गुडघ्यांनी अधू, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मराठी बोलायच्या ती आपल्यापेक्षा जरा वेगळ्या चालीची, पण सगळी कळायची.

त्यांच्याकडे फराळाचीच धांदल होती. दुधाच्या वड्या, नारळाच्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, आणि कलकल म्हणून एक प्रकार. पिठाची गोळी कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायची आणि तळायची. मला ते लगेच जमलं. सेसिलबाई म्हणाल्या, “कुंदा, तुझ्या जावेचा हात बघ गं बाय, किती चालतो.” मी खूश झाले, आणि लगेच वाटलं, हीसुद्धा सामील दिसतेय.

कारण दोघींचं काहीतरी शिजत होतं. मी मोरीतून बाहेर आले की दोघी गप्प. दुपारी जेवणं झाली की कुंदा पदर सारखा करायची आणि म्हणायची, “अक्का, तुम्ही पडा जरा. मी येतेच जाऊन.”

“कुठे?”

“मैत्रिणीकडे.”

“मी पण येते. तुझी मैत्रीण ती माझी मैत्रीण.”

“नको, चढ आहे. तुमचे पाय दुखतील.”

एक दिवस मी तिच्या मागे निघाले. ती टेकडीच्या रस्त्याने भरभर चढत होती, हातात कापडी पिशवी. वळणावर ती दिसेनाशी झाली आणि मी एका बंगल्याच्या फाटकापाशी धापा टाकत उभी राहिले. पहारेकऱ्याने विचारलं, “कोणाला भेटायचंय?” मी म्हटलं, “कोणाला नाही, तुमचा तारा बघत होते.” परत आले. तासाभराने कुंदा आली ती डोळे धुऊन आली होती. पाणी मारलं की डोळे थोडेच लाल होतात?

मग मला वाटलं, ही वकिलाकडे जाते. टेकडीवर वकीलच राहत असणार, एवढे मोठाले बंगले आहेत.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. कुंदा आंघोळीला गेलेली. अमृतांजन तिच्या पिशवीत असतं, म्हणून मी पिशवी उघडली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. वकिलाचा एखादा कागद असेल तर तोही दिसेल, हे काही अगदीच मनात नव्हतं असं नाही. कागद नव्हता. रुमालात गुंडाळलेलं एक झबलं होतं, आणि लोकरीचे इवले मोजे. अंगठ्याएवढे. सुया अजून त्यातच अडकलेल्या.

मी पिशवी बंद केली आणि ओसरीवर येऊन बसले. समोर सेसिलबाईंचा गोठा मांडलेला होता. त्यांच्यात नाताळला येशूच्या जन्माचा देखावा करतात. खरं गवत, मातीची गाय, मेंढ्या, मेंढपाळ, गुडघे टेकलेली आई, बाप, आणि मधे गवताने भरलेली गव्हाण. मी रोज येता-जाता त्या गाईला नमस्कार करत असे. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळे जण त्या गव्हाणीकडे बघत होते आणि गव्हाणीत बाळ नव्हतं.

मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या गावात एका मूल नसलेल्या बाईने देवळातल्या पाळण्यातला बाळकृष्ण पदराखाली लपवून घरी नेला होता. मांडीवर घेऊन त्याला चमच्याने दूध पाजत होती, तेव्हा सापडली. लोक हसले होते. मी नव्हते हसले. आता ते झबलं, ते मोजे, ती दुपारची पिशवी, ते लाल डोळे सगळं एका सुतात ओवलं गेलं. वाटणीबिटणी काही नव्हतं. कुंदाच्या डोक्यावर परिणाम झाला होता, आणि तिने ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांचाच देव चोरला होता.

मला तिचा राग नाही आला. पोटात तुटलं. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो घराचा. हे उघडकीला आलं तर काय राहील? सेसिलबाई काय म्हणतील, बार्शीला कळलं तर भावकी काय म्हणेल? वाटण्या परवडल्या. मी चप्पल घातली आणि बाजार गाठला.

नाताळच्या सामानाचे ठेले ओळीने लागले होते. मी एकाला म्हटलं, “बाळ द्या.”

“कुठल्या मापाचा येशू, मावशी?”

मी दोन हातांनी माप दाखवलं. त्याने दिला. गोरापान, गुबगुबीत, दोन्ही हात पसरलेला. मी तो पदराखाली झाकून आणला. आणताना माझ्या लक्षात आलं की त्या देवळातल्या बाईसारखीच मी चालतेय. ओसरीवर कोणी नव्हतं. मी त्याला गव्हाणीत ठेवला, गवत सारखं केलं, गाईला नमस्कार केला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेसिलबाईंचा आवाज आला. “कुंदा, इकडे ये गं. हे कोणी जन्माला घातलं?”

आम्ही दोघी धावत ओसरीवर गेलो. सेसिलबाई काठी टेकून गोठ्यासमोर उभ्या होत्या आणि बाळाकडे बघत होत्या.

“कोणी म्हणजे?” मी साळसूदपणे विचारलं. “तुमचंच आहे की. पहिल्यापासून तिथेच होतं.”

“पहिल्यापासून कसं असेल? नाताळच्या रात्री जन्मतो तो. तोवर गव्हाण रिकामीच ठेवायची असते. आमचा बाळ माझ्या कपाटात झोपलाय. आणि याचं डोकं बघ, आईपेक्षा मोठं.” बोलता बोलता त्यांना हसू आवरेना. खुर्चीत बसून त्या ठसका लागेपर्यंत हसल्या.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी कुंदाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती एकदा बाळाकडे बघत होती, एकदा माझ्याकडे, आणि तिला सगळं कळत चाललं होतं.

“तुम्ही माझी पिशवी बघितली,” ती म्हणाली.

“अमृतांजन हवं होतं.”

“आणि तुम्हाला वाटलं, मी चोरलं. म्हणून तुम्ही दुसरं आणून ठेवलं.”

मी गव्हाणीतलं गवत उगाच सारखं करायला लागले. सेसिलबाईंचं हसणंही थांबलं. त्या म्हणाल्या, “बाय, आता तरी सांग तिला. किती दिवस फिरवशील?”

कुंदाने डोळे पुसले नाहीत, कारण त्यांत पाणीच नव्हतं. इतकी कोरडी मी तिला कधी पाहिली नव्हती. “अक्का,” ती म्हणाली, “चप्पल घाला. मैत्रिणीकडे जायचंय.”

टेकडीचा चढ आम्ही चढलो. परवा मी ज्या वळणावरून परत फिरले त्याच्या पलीकडेच एक लांबट, कौलारू इमारत होती. फाटकावर कागदाचा तारा, आणि पाटीवर मराठीत लिहिलं होतं, बालकगृह. आतून लहान मुलांच्या रडण्याचा आवाज येत होता, एकाचा नाही, पुष्कळांचा.

मी फाटकातच थांबले. “कुंदा, हे काय आहे?”

“इथे एक मुलगी आहे,” ती म्हणाली. “आम्ही दोघं पावसाळ्यात येऊन बघून गेलो. हे पुण्याला पेपर तपासायला जातायत आणि मीही सोबत जातेय म्हणून सांगितलं होतं ना, तेव्हा. सगळं ठरलंय. पण इथलं बघणाऱ्या सिस्टर म्हणतात, एकत्र घर आहे तर घरातल्या थोरल्या बाईला घेऊन या. तिने हो म्हटल्याशिवाय आम्ही मूल देत नाही.”

“म्हणून मला मुंबई दाखवलीस? होडी, भेळ, केक, ते सगळं यासाठी?”

“हो.”

“मग विचारायचं होतंस सरळ.”

“रोज विचारायला निघायची. तुम्ही माझ्याकडे अशा बघायच्या, जशी मी तुमच्या घरातलं काहीतरी उचलून न्यायला आलेय.” तिने फाटकाची कडी धरली. “हे म्हणाले, वहिनी नाही म्हणाल्या तर वेगळं राहू आणि आणू. मी म्हटलं, तसं नको. वेगळं होऊन आणलेली पोर मला नको. आणायची तर या घराची म्हणून आणायची, नाहीतर नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा कधी विचारणार नाही, अक्का. आपण उद्याची गाडी धरू.”

मी काय सांगू मला काय वाटलं. आधी राग आला, मग लाज वाटली, आणि त्याच्या मागून तो जुना किडा वळवळला. कोणाची असेल? कुठली असेल? कोणत्या रक्ताची? भावकी काय म्हणेल? घर फुटायचं नव्हतं हे कळलं होतं, पण जीव हलका होत नव्हता. मी आत गेले ती काहीही न ठरवता गेले.

सिस्टर फिलोमिना वसईकडच्या होत्या, बोलणं आपल्यासारखंच. कडक चेहऱ्याच्या. त्यांनी मला समोर बसवलं आणि चष्म्यावरून असं पाहिलं, जसं मी वांग्याकडे बघते.

“तुम्ही थोरल्या जाऊबाई?”

“हो.”

“तुम्हाला यांनी आधीपासून सांगितलं होतं?”

“आत्ता फाटकात सांगितलं.”

सिस्टरांनी कुंदाकडे नापसंतीने पाहिलं. “मग तुम्ही हो कशाच्या जोरावर म्हणणार?”

“मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“बरं झालं. इथे सगळे पटकन हो म्हणतात.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “गेल्या वर्षी एका घराने हसत हसत मुलगी नेली. महिन्याभरात सासू परत घेऊन आली. म्हणे ही आल्यापासून आमची म्हैस आटली. मुलगी तोवर त्यांना ओळखायला लागली होती. हात सोडत नव्हती त्या बाईचा. तुमच्याकडे म्हशी आहेत?”

“दोन आहेत.”

“तुम्हाला मुलगे आहेत ना? सणाला त्यांना नवीन कपडे, आणि हिला त्यांचे जुने, असं होईल?”

“का होईल?” मी म्हटलं.

“तुम्ही इथे एक बोलाल आणि घरी जाऊन दुसरं कराल. आम्ही पाहिलंय. माफ करा, पण माझा विश्वास बसत नाही.”

आजवर कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. जन्मभर मी लोकांना तपासलं, आणि आता ही बाई मला उलटंसुलटं करून बघत होती. मला राग यायला हवा होता. पण ती ज्या पोरीसाठी बघत होती, ती तिची कोण लागत होती? कोणी नाही. तरी ती दार अडवून बसली होती. माझ्या मुलांच्या बाबतीत मीही अशीच बसले असते.

“सिस्टर,” मी म्हटलं, “तुमचा विश्वास नाही ते बरोबर आहे. माझाही कोणावर लगेच बसत नाही. आधी मुलगी दाखवा. मग बोलू.”

कुंदाने मान खाली घातली. तिला वाटलं असणार, संपलं.

एक बाई मुलीला घेऊन आली आणि कुंदाकडे द्यायला वळली. मी हात पुढे केले. पाच-सहा महिन्यांची असेल. सावळी, किरकोळ, मोठे डोळे. माझ्या मांडीवर आली, पण हसली नाही. उलट कपाळाला आठी घालून तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, ही कोण बया आता, असं. मी तिला उभी धरली, पाठीवर हात फिरवला, मानेचा तोल पाहिला, बोटं मोजली, कानामागे बघितलं. मग डोक्यावरून हात फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“काय झालं?” सिस्टर म्हणाल्या.

“हिचं डोकं या बाजूला चपटं झालंय. तुम्ही हिला रोज एकाच कुशीवर झोपवता.”

“अहो, इथे चाळीस मुलं आहेत.”

“चारशे असोत. मोहरीची उशी नाही देत? साधी, हाताएवढी. आणि हे बघा, कानामागे किती लाल झालंय. दूध ओघळतं, कोणी पुसत नाही. कोण बघतं हिला दिवसभर? बोलवा त्यांना. मला विचारायचंय. तेल कोणतं लावता? रात्री किती वेळा उठते? पोट साफ होतं का?”

मुलगी आणून देणारी बाई दाराकडे सरकली. मी मुलीला खांद्यावर घेतलं, चपटी बाजू बाहेर येईल अशी. तिने माझ्या पदराचा काठ मुठीत धरला आणि तोंडात घातला. मी तो काढून घेतला, कारण चढावरून येताना सगळी धूळ बसली होती, आणि पदराची आतली, स्वच्छ बाजू तिला दिली.

सिस्टर फिलोमिनांनी चष्मा काढला. मग कुंदाकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या अक्कांचा आमच्यावर अजिबात विश्वास दिसत नाही.”

कुंदा रडत होती, पण तिचा आवाज स्वच्छ आला.

“नाही, सिस्टर. आमच्या घरातल्या पोरांच्या बाबतीत त्यांचा कोणावरच नसतो.”